रुधिराभिसरण आणि हृदयाचे चार दरवाजे

डाव्या हाताच्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाखालीं, उजव्या हाताचीं दोन बोटें हलकेच टेकविलीं असतां कातडीखालीं कांहीं तरी नियमानें उसळत आहे असें लागलीच कळून येतें. हिलाच आपण नाडी म्हणतों. वैद्य ती पाहतात, डॉक्टर ती मोजतात, आणि घरांतील वडील माणसेंहि तापकरी मुलाच्या उशाशीं बसून तिच्यावर बोटें ठेवितात. परंतु ती उसळी कशाची, ती कोठून येते, आणि उसळून गेलेलें रक्त पुढें कोठें जातें, हे तीन प्रश्न विचारले तर पुष्कळ शिकलेलीं माणसेंहि घोटाळ्यांत पडतात. हृदयांतून रक्त शरीरांत जातें एवढें सर्वांस ठाऊक असतें. पण तें परत कोणत्या वाटेनें येतें, आणि आल्यावर पुन्हां बाहेर पडण्यापूर्वीं त्याला कोणकोणते दरवाजे ओलांडावे लागतात, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. ह्या लेखांत आम्ही तोच मार्ग विद्यार्थ्यांस दाखविणार आहों. पालकांनींहि तो वाचावा अशी आमची विनंती आहे. कारण ह्या मार्गावरील दरवाजांचा मुलांच्या घसादुखीशीं फार जवळचा संबंध आहे, व तो ठाऊक नसल्यामुळें कित्येक मुलांचें जन्माचें नुकसान होतें.

हृदय छातीच्या पोकळींत, दोन फुप्फुसांच्या मध्यें, उराच्या हाडामागें असतें. तें सगळें डाव्या बाजूस असतें ही समजूत खरी नव्हे. तें बहुतेक मध्यावरच असून त्याचें निमुळतें टोंक तेवढें खालीं डावीकडे वळलेलें असतें. ठोका तेथें स्पष्ट लागतो, म्हणून हृदयच डावीकडे आहे असें आपणांस वाटतें. पत्त्यांतील बदामाशीं त्याचें साम्य थोडेंच आहे. आकारानें तें सुमारें ज्याच्या त्याच्या मिटलेल्या मुठीएवढें असतें, आणि प्रौढ मनुष्याच्या हृदयाचें वजन २५० ते ३५० ग्रॅम भरतें. तें सर्व मांसाचें, म्हणजे स्नायूंचें बनलेलें आहे. दंडाचा स्नायु जसा आंवळतो आणि सैल पडतो तसेंच तेंहि आंवळतें आणि सैल पडतें. भेद इतकाच कीं, दंड आपल्या इच्छेनें हलतो, आणि हृदयाला आपल्या हुकुमाची गरज लागत नाहीं. त्याच्या उजव्या बाजूच्या वरच्या भागांत एक लहानसा बिंदु आहे. तेथून प्रत्येक ठोक्याची सूचना आपोआप निघते व सर्व हृदयांत पसरते.

आतां आंतली रचना पाहूं. एकाच इमारतींत भिंतीला भिंत लागून दोन बिऱ्हाडें असावीं, आणि प्रत्येक बिऱ्हाडांत वर एक व खालीं एक अशा दोनच खोल्या असाव्या, तसें हें घर आहे. उजवीकडील दोन खोल्या हें एक बिऱ्हाड, डावीकडील दोन खोल्या हें दुसरें. वरच्या खोलीस अलिंद व खालच्या खोलीस निलय म्हणतात. अलिंदांच्या भिंती पातळ असतात, कारण त्यांना आलेलें रक्त फक्त खालच्या खोलींत उतरवावयाचें असतें. निलयांच्या भिंती जाड असतात, कारण रक्त घराबाहेर लोटण्याचें काम त्यांचें. दोन बिऱ्हाडांमधील भिंत मात्र अखंड आहे. निरोगी हृदयांत तिला दार नाहीं, खिडकी नाहीं, बारीक छिद्रहि नाहीं. उजवीकडील रक्ताला डावीकडे यावयाचें असेल तर त्यानें घराबाहेर पडावें, फुप्फुसांतून वळसा घालावा, आणि दुसऱ्या बाजूनें आंत यावें असा येथील नियम आहे. ही एक गोष्ट ज्याला पक्की समजली त्याला रुधिराभिसरणाचें अर्धें प्रकरण समजलें असें आम्ही म्हणूं. (पुस्तकांतील आकृति पाहतांना विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं, ती समोर उभ्या असलेल्या माणसाच्या हृदयाची असते, म्हणून हृदयाची उजवी बाजू आकृतींत आपल्या डाव्या हातास येते.)

समजा, रक्ताचा एक थेंब पायाच्या अंगठ्यापर्यंत जाऊन, तेथील मांसाला प्राणवायु देऊन परत निघाला आहे. प्राणवायु गेल्यामुळें त्याचा लालभडक रंग आतां काळपट लाल झाला आहे, आणि शरीरांत तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वायु त्यानें बरोबर घेतला आहे. ओढे नदीला मिळावे त्याप्रमाणें बारीक नळ्यांतून मोठ्या नळ्यांत येत येत तो अखेर एका रुंद नळींतून उजव्या अलिंदांत शिरतो. डोकें व हात यांकडील रक्त वरून दुसऱ्या रुंद नळीनें तेथेंच येतें. उजव्या अलिंदांतून पहिला दरवाजा ओलांडून थेंब उजव्या निलयांत उतरतो. ह्या दरवाजाला तीन पाकळ्या असतात, म्हणून त्याला त्रिदल झडप म्हणतात. निलय आंवळला जातांच थेंब दुसरा दरवाजा लोटून फुप्फुसांकडे जाणाऱ्या नळींत पडतो. फुप्फुसांत ह्या नळीला फांद्या फुटत फुटत त्या केंसाहूनहि बारीक होतात, आणि हवेच्या चिमुकल्या पिशव्यांभोंवतीं जाळें विणल्याप्रमाणें पसरतात. येथें थेंब आणलेला कार्बन डायऑक्साइड टाकतो, श्वासाबरोबर आलेला प्राणवायु घेतो, आणि पुन्हां लालभडक होतो.

फुप्फुसांतून परत येणाऱ्या चार नळ्या आहेत. त्यांपैकीं एकीनें आमचा थेंब डाव्या अलिंदांत येतो, आणि तिसरा दरवाजा ओलांडून डाव्या निलयांत उतरतो. ह्या दरवाजाला दोनच पाकळ्या असतात. ख्रिस्ती मंडळीचे बिशप विशेष प्रसंगीं जें दोन पाखांचें उंच शिरोभूषण घालतात, त्याला मायटर म्हणतात. सोळाव्या शतकांतील प्रसिद्ध शरीरशास्त्रज्ञ व्हेसेलियस यानें ह्या झडपेला त्याची उपमा दिली, आणि डॉक्टर आजहि तिला मायट्रल झडप म्हणतात. हें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे. शेवटीं डावा निलय जोरानें आंवळला जातो, थेंब चौथा दरवाजा लोटून महारोहिणी नांवाच्या सर्वांत मोठ्या नळींत पडतो, आणि तिच्या फांद्यांतून शरीराच्या कोणत्या तरी कोपऱ्याकडे चालूं लागतो. ह्या महारोहिणीच्या अगदीं पहिल्या दोन फांद्या खुद्द हृदयाकडेच वळतात. हृदयाच्या खोल्या रक्तानें भरलेल्या असल्या तरी त्याच्या जाड भिंतींचें पोषण त्या रक्तानें होत नाहीं. त्यांना आपला वांटा ह्या दोन फांद्यांतूनच घ्यावा लागतो. स्वस्थ बसलेल्या मनुष्यांत ही सारी फेरी सुमारें एका मिनिटांत पुरी होते.

येथें नांवांविषयीं एक सूचना करणें अवश्य आहे, कारण परीक्षेंत पुष्कळ विद्यार्थी ह्याच ठिकाणीं चुकतात. हृदयापासून दूर नेणारी ती रोहिणी, आणि हृदयाकडे आणणारी ती नीला. हल्लींच्या पुस्तकांत यांनाच अनुक्रमें धमनी व शिरा असेंहि म्हटलेलें आढळतें. शुद्ध रक्ताची ती रोहिणी व अशुद्ध रक्ताची ती नीला, अशी व्याख्या करूं नये. फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणींत काळपट रक्त असतें, आणि फुप्फुसाकडून येणाऱ्या नीलेंत लालभडक रक्त असतें. नांव दिशेवरून पडतें, रंगावरून नव्हे. शिवाय नीला कातडींतून निळ्या दिसल्या तरी कोणत्याहि मनुष्याच्या अंगांत निळें रक्त नसतें.

आतां कोणी विचारील कीं, एकाच फेरींत दोन वेळां हृदयांत येण्याचा हा खटाटोप कशासाठीं? फुप्फुसांतून निघालेलें रक्त तसेंच पुढें शरीरांत कां जाऊं नये? ह्याचें उत्तर दाबांत आहे. फुप्फुसांतील नळ्या इतक्या नाजूक आहेत कीं, त्यांतून रक्त हळुवारपणेंच जावें लागतें. जोर अधिक झाला तर रक्तांतील पाणी झिरपून हवेच्या पिशव्यांत उतरतें. परंतु डोक्याच्या टाळूपासून पायाच्या बोटापर्यंत रक्त पोंचवावयाचें तर जोर पुष्कळ हवा. म्हणून उजव्या निलयाचा दाब पाऱ्याच्या सुमारें २५ मिलिमीटर असतो, आणि डाव्या निलयाचा सुमारें १२०. त्यामुळेंच डाव्या निलयाची भिंत उजव्याच्या सुमारें तिप्पट जाड असते. दोन्ही निलय एकाच वेळीं आंवळले जातात, आणि प्रत्येक ठोक्यास दोघेहि सारखेंच रक्त लोटतात. पण एकाची वाट शेजारच्या घरापर्यंत, तर दुसऱ्याची साऱ्या गांवभर.

हृदय क्षणभरहि विसांवा घेत नाहीं असें म्हणण्याची रीत आहे; ती सर्वस्वी खरी नाहीं. मिनिटास ७२ ठोके धरले तर एका ठोक्यास सुमारें ०.८ सेकंद लागतो. त्यांपैकीं निलय आंवळलेले असतात सुमारें ०.३ सेकंद, आणि उरलेला अर्धा सेकंद सैल असतात. ह्या अर्ध्या सेकंदांतच ते पुन्हां भरतात, आणि डाव्या निलयाच्या भिंतींना आपलें रक्तहि मुख्यतः ह्याच वेळीं मिळतें. दिवसाकाठीं हा लहान लहान विसांवा एकत्र केला तर कामाच्या वेळेहून तोच अधिक भरतो.

हें सर्व चालतें तें चार दरवाजांच्या भरंवशावर. बाजाची पेटी ज्यांनीं आंतून पाहिली असेल त्यांना हें चटकन समजेल. पेटीच्या भात्याला भोंकें असतात व त्यांवर आंतून चामड्याचा पडदा असतो. भाता उघडला कीं पडदा उचलला जाऊन हवा आंत येते; भाता दाबला कीं तीच हवा पडद्याला भोंकावर घट्ट दाबून बसविते, आणि आल्या वाटेनें तिला परत जातां येत नाहीं. हृदयाच्या झडपाहि अशाच आहेत. त्यांना उघडणारा व मिटणारा कोणी पहारेकरी नाहीं. रक्ताचा दाबच त्यांना उघडतो आणि रक्ताचाच दाब त्यांना मिटवितो. अलिंद व निलय यांमधील दोन दरवाजांच्या पाकळ्या निलयाच्या दाबानें उलट्या वर फिरूं नयेत म्हणून त्यांच्या कडांना बळकट दोऱ्या लावलेल्या असून त्यांचीं दुसरीं टोंकें निलयाच्या भिंतींतील मांसल खुंटांना बांधलेलीं असतात. तंबूला जसे तणावे, तशा ह्या दोऱ्या. बाहेर जाण्याच्या दोन दरवाजांना दोऱ्या नाहींत. तेथें अर्धचंद्राकृति तीन तीन खिसे असतात. रक्त मागें फिरूं लागलें कीं ते भरून फुगतात आणि एकमेकांस भिडून वाट बंद करितात.

छातीला कान लावला असतां जे दोन आवाज ऐकूं येतात ते दरवाजे मिटण्याचेच आहेत. पहिला लांबट व खोल आवाज आंतल्या दोन दरवाजांचा. दुसरा आंखूड व तीक्ष्ण आवाज बाहेरच्या दोन दरवाजांचा. पॅरिस येथील डॉक्टर लाएनेक यास १८१६ सालीं एका तरुण रोगिणीच्या छातीला कान लावणें प्रशस्त वाटेना. त्यानें कागद घेऊन त्याची घट्ट गुंडाळी केली, तिचें एक टोंक रोगिणीच्या छातीवर व दुसरें आपल्या कानाशीं धरलें, आणि कानानें ऐकूं येई त्याहून ठोके अधिक स्पष्ट ऐकूं आले. स्टेथॉस्कोपचा जन्म असा झाला. झडप नीट मिटत नसली किंवा पुरती उघडत नसली तर ठोक्यांच्या मधून फुसफुस किंवा खरखर असा आवाज येतो, आणि अनुभवी डॉक्टरास त्यावरून कोणता दरवाजा बिघडला आहे याचा पुष्कळसा अंदाज करितां येतो.

रक्ताचा हा मार्ग आज शाळेंत एका तासांत शिकवितां येतो. परंतु तो शोधून काढावयास मनुष्याला फार शतकें लागलीं. आपल्या भाषेंत काळीज हा एकच शब्द यकृताला आणि हृदयाला, दोहोंसहि लावतात. युरोपांत सुमारें चौदाशें वर्षें प्रमाण मानला गेलेला वैद्य गेलेन यानें तर रक्ताचें उगमस्थान यकृतच ठरविलें होतें. अन्नापासून यकृतांत नवें नवें रक्त तयार होतें, तें शरीरांत जातें, आणि शेतांत सोडलेल्या पाटाच्या पाण्याप्रमाणें तेथेंच जिरून जातें, असें त्याचें मत होतें. उजवीकडील कांहीं रक्त मधल्या भिंतींतील अदृश्य छिद्रांतून डावीकडे झिरपतें असेंहि त्यानें सांगितलें. तेराव्या शतकांत कैरो येथील वैद्य इब्न अल्-नफीस यानें, भिंतींत अशीं छिद्रें नाहींत, रक्त फुप्फुसांतूनच डावीकडे जात असलें पाहिजे, असें स्पष्ट लिहून ठेविलें; परंतु त्याचें लिखाण पुढें शतकेंच्या शतकें दुर्लक्षित राहिलें.

संपूर्ण फेरी सिद्ध करून दाखविली ती इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वे यानें. त्याचा जन्म १५७८ सालीं झाला. इटलींतील पादुआ येथें शिकून तो लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयांत डॉक्टर झाला, आणि १६२८ सालीं त्यानें लॅटिन भाषेंत अवघ्या ७२ पृष्ठांचें एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याचा मुख्य पुरावा अंकगणिताचा होता. डाव्या निलयांत दोन औंसांहून अधिक रक्त मावतें हें त्यानें पाहिलें. मग प्रत्येक ठोक्यास त्याचा अगदीं लहानसा भाग बाहेर पडतो असें मुद्दाम धरून, अर्ध्या तासांतील ठोक्यांनीं त्याला गुणलें. तरीहि येणारा आंकडा शरीरांतील सर्व रक्ताहून मोठा निघाला. इतकें रक्त अन्नापासून घटकेघटकेला नवें होणें शक्य नाहीं. तेव्हां तेंच रक्त फिरून फिरून येत असलें पाहिजे, हें अनुमान टाळतां येईना.

हा हिशेब आमच्या विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावा. प्रौढ मनुष्याचें हृदय स्वस्थ असतांना एका ठोक्यास सुमारें ७० मिलिलिटर रक्त लोटतें. म्हणजे लहानसा चहाचा पेला भरेल इतकें. मिनिटास ७२ ठोके धरले तर सुमारें ५ लिटर होतात. शरीरांतील सगळें रक्तहि सुमारें ५ लिटरच असतें. तासाचा हिशेब ३०० लिटर, आणि दिवसाचा ७,२०० लिटर. १५ लिटरांची एक घागर धरली तर ४८० घागरी. कोणताहि मनुष्य तासांत ३०० लिटर अन्नपाणी घेत नाहीं हें दाखविण्यास प्रयोगशाळा नको. घड्याळ, नाडी आणि गुणाकार एवढें पुरे.

हार्वेचा दुसरा पुरावा हातावरचा आहे. पादुआस त्याचा गुरु फाब्रिसियस यानें नीलांच्या आंत लहान लहान झडपा असतात असें दाखविलें होतें. पण त्या कशासाठीं हें त्यास उमगलें नव्हतें. ज्यांच्या हातावर शिरा ठळक दिसतात अशा आजोबांना विद्यार्थ्यांनीं हात खालीं सोडून बसावयास सांगावें. शिरा फुगल्या म्हणजे एका लांब शिरेवर एक बोट दाबून ठेवावें, आणि दुसऱ्या बोटानें तींतील रक्त कोपराकडे सारावें. मधला भाग सपाट होतो, आणि बहुधा वरच्या झडपेपर्यंत तसाच रिकामा राहतो. वरचें रक्त खालीं परत येत नाहीं. पहिलें बोट उचलतांच तो खालून भरून येतो. रक्त नीलांतून हृदयाच्याच दिशेनें जातें, हें ह्यावरून डोळ्यांनीं दिसतें. रोहिणींच्या टोंकांतून रक्त नीलांच्या मुळांत कसें जातें, हें मात्र हार्वेला दिसलें नाहीं. तो १६५७ सालीं वारला, आणि चारच वर्षांनीं, १६६१ सालीं, मालपीगी नांवाच्या इटालियन शास्त्रज्ञानें बेडकाच्या फुप्फुसांत सूक्ष्मदर्शकानें त्या केंसाहून बारीक नळ्या पाहिल्या. अशा रीतीनें वर्तुळ पुरें झालें.

येथवर आम्हीं निरोगी हृदयाचें वर्णन केलें. आतां पालकांना जें मुद्दाम सांगावयाचें तें सांगतों. ५ ते १५ वर्षांच्या मुलांमध्यें घसा दुखणें हें नित्याचेंच. त्यांतील बहुतेक दुखणीं सर्दीच्या जातीचीं असतात व चार दिवसांत आपोआप बरीं होतात. परंतु कांहीं घसादुखी स्ट्रेप्टोकोकस नांवाच्या, माळेसारख्या ओळीनें राहणाऱ्या जंतूंमुळें होते. अशा वेळीं बहुधा एकाएकीं ताप येतो, गिळतांना फार दुखतें, जबड्याखालच्या गांठी सुजून दुखूं लागतात, आणि खोकला व वाहतें नाक हीं पुष्कळदां नसतात. हीहि घसादुखी औषधावांचून कमी होते, आणि मूल पुन्हां शाळेंत जाऊं लागतें. येथेंच फसगत होते. शरीरानें त्या जंतूंशीं लढण्यास जीं शस्त्रें तयार केलेलीं असतात, तीं कांहीं मुलांत दोनतीन आठवड्यांनीं स्वतःच्याच अवयवांवर चालूं लागतात. मुलास पुन्हां ताप येतो. आज गुडघा सुजतो, तो उतरतो न उतरतो तोंच घोटा, मग कोपर, मग मनगट. ह्यास ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. सांध्यांची सूज कांहीं आठवड्यांत मागमूस न ठेवतां जाते, व घरचीं माणसें सुटकेचा श्वास टाकतात. परंतु हृदयाच्या दरवाजांवर झालेला व्रण राहून जातो.

ह्या रोगाचा घाला सर्वांत अधिक मायट्रल झडपेवर पडतो. तिच्या पातळ, लवचिक पाकळ्या जाड होतात, कडांशीं एकमेकींस चिकटतात, आणि त्यांच्या दोऱ्या आंखडतात. मग दरवाजा एक तर पुरता उघडत नाहीं, नाहीं तर पुरता मिटत नाहीं. कधीं कधीं दोन्ही. वर वर्णिलेला मार्ग ज्यांनीं ध्यानांत ठेविला असेल त्यांना पुढचा परिणाम आपणहून सांगतां येईल. तिसरा दरवाजा अडला कीं रक्त डाव्या अलिंदांत तुंबतें, तेथून मागें फुप्फुसांच्या नाजूक नळ्यांत तुंबतें, आणि दम लागूं लागतो. मूल खेळांत मागें पडतें, जिना चढतांना थांबतें. घरचे त्याला आळशी म्हणतात. बिघाड हृदयाच्या दारांत, आणि तक्रार मात्र श्वासाची! पुष्कळदां हीं लक्षणें तापानंतर कित्येक वर्षांनीं उमटतात. मुलींमध्यें तीं प्रथम बाळंतपणाच्या सुमारास, म्हणजे हृदयावरचें ओझें वाढल्यावर, प्रकट होतात, आणि तेव्हां दोन जिवांस धोका असतो.

बिघडलेला दरवाजा दुरुस्त करण्याची विद्या पुष्कळ वाढली आहे. १९२५ सालीं लंडन येथें सूटर नांवाच्या शस्त्रवैद्यानें एका मुलीच्या धडधडत्या हृदयाच्या अलिंदांत बोट घालून अडलेली मायट्रल झडप मोकळी केली. ती मुलगी वाचली. तरी तसलें धाडस पुन्हां व्हावयास दुसरें महायुद्ध संपावें लागलें. १९८२ सालीं जपानांतील डॉक्टर इनोउए यांनीं छाती न उघडतां, मांडीच्या नीलेंतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन, तिच्या टोंकाच्या फुग्यानें झडप रुंद केली. आपल्या देशांत तिरुवनंतपुरम् येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेंत तयार झालेली कृत्रिम झडप १९९० सालीं प्रथम रोग्यास बसविण्यांत आली. परदेशी झडपांची किंमत ज्यांना झेंपत नव्हती अशा पुष्कळ गरिबांना तिचा आधार झाला. असें असलें तरी दुरुस्त केलेला दरवाजा निसर्गानें दिलेल्या दरवाजाची बरोबरी करीत नाहीं. यांत्रिक झडप बसविलेल्या मनुष्यास रक्त गोठूं नये म्हणून जन्मभर औषध घ्यावें लागतें.

उलट पक्षीं, हा रोग मुळांतच टाळणें फार सोपें व स्वस्त आहे. घसादुखी त्या जंतूंची आहे असें डॉक्टरांनीं ठरविलें, आणि दुखूं लागल्यापासून ९ दिवसांच्या आंत पेनिसिलिन सुरू झालें, तर ऱ्हुमॅटिक ताप बहुधा टळतो. श्रीमंत देशांतून हा रोग आतां जवळजवळ नाहींसा झाला आहे; भारतांत, आफ्रिकेंत व पॅसिफिक महासागरांतील बेटांत तो अजून मुलांना गांठतो. जेथें एका खोलींत पुष्कळ जण निजतात तेथें हे जंतु एकापासून दुसऱ्यास लवकर लागतात. मे २०१८ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेंत ह्या रोगाच्या निवारणासंबंधीं खास ठराव मंजूर झाला, त्याचें कारण हेंच कीं, औषध ठाऊक असूनहि रोग टिकून आहे.

म्हणून पालकांस आमचें सांगणें थोडक्यांत असें. मुलाला तापासह घसादुखी झाली, गिळवेनासें झालें, तर घरगुती गुळण्यांवर आठवडा न घालवितां डॉक्टरांस दाखवावें. त्यांनीं औषध दिलें तर दोन दिवसांत बरें वाटूं लागलें म्हणून तें मध्येंच सोडूं नये. सांगितलेले दिवस पुरे करावे. उरलेल्या गोळ्या दुसऱ्या मुलास आपल्या मनानें देऊं नयेत, कारण प्रत्येक घशास हें औषध लागत नाहीं, आणि कित्येकांस तें सोसत नाहीं. घसादुखीनंतर सांधे सुजले तर 'वाढीचें दुखणें' म्हणून स्वस्थ बसूं नये. आणि ज्या मुलास हा ताप एकदां येऊन गेला आहे, त्यास डॉक्टर दर तीन किंवा चार आठवड्यांनीं पेनिसिलिनची सुई टोंचून घेण्यास सांगतात, तीहि अनेक वर्षें. मूल धडधाकट दिसतें म्हणून ती चुकवूं नये. दर खेपेचा ताप दरवाजावर नवा व्रण करून जातो. वसतिगृहांत राहणाऱ्या विद्यार्थ्यांनीं घसा दुखत असल्यास परीक्षेच्या किंवा सामन्याच्या भीतीनें तें लपवूं नये; त्याच दिवशीं आपल्या गुरुजींस किंवा बाईंस सांगावें.

विद्यार्थ्यांस एक काम सांगून लेख पुरा करितों. पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर, चार खोल्या व चार दरवाजे काढा. थेंबाला पायाच्या अंगठ्यापासून निघून परत अंगठ्यापर्यंत आणा, आणि वाटेंत कोठेंहि त्याला मागें फिरूं देऊं नका. आकृति बिनचूक जमली कीं ती घरीं आईवडिलांना दाखवून त्यांनाहि समजावून सांगा, आणि तिसरा दरवाजा कोठें आहे तें बोटानें दाखवा.